हात द्यायचा की गाल?

शांताबाई मेश्राम यांनी सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची अकरा बायकांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणून. वॉर्डात त्यांचा शब्द चालायचा. नवे डॉक्टरसुद्धा राउंडला शिरण्याआधी दारातून अंदाज घ्यायचे, की आज सिस्टरांचा पारा कुठे आहे. अशी बाई पासष्टाव्या वर्षी लॅपटॉपसमोर नुसती हात जोडून हसत बसली आणि समोरचे लोक काय बोलताहेत त्यातलं एक अक्षर तिला कळलं नाही, हे त्यांना फार लागलं.

ही दोन हजार चौदा सालची गोष्ट. नवरा, उत्तमराव, जाऊन दोन वर्षं झाली होती. भंडाऱ्याचं घर बंद करून शांताबाई एकुलत्या एका मुलीकडे, हर्षाकडे, सिंगापूरच्या पुंगोल भागात राहायला आल्या होत्या. हर्षा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पाणी शुद्ध करायच्या पडद्यांवर संशोधन करायची. तिने लग्न ठरवलं होतं ते दाविदेशी. दाविदे इटलीचा, सेम्बावांगच्या शिपयार्डात इंजिनियर. उंच, शांत, जेवल्यावर स्वतःची ताटली स्वतः घासणारा मुलगा. शांताबाईंना तो पहिल्या भेटीतच पटला होता. प्रश्न त्याचा नव्हता.

प्रश्न त्याच्या आजीचा होता. एर्मिनिया तिचं नाव, वय ब्याऐंशी. डोंगरातल्या एका लहान गावात राहायची आणि दाविदेला तिनेच लहानाचा मोठा केला होता. जूनमधल्या एका रविवारी संध्याकाळी स्काइपवर पहिल्यांदा दोन्ही घरं समोरासमोर आली. पडद्यावर दाविदेची आई ओर्नेला होती, आणि तिच्या शेजारी ही आजी. आजी पुढे वाकली, इतकी की पडद्यावर नुसतं कपाळ आणि चष्मा दिसू लागला, आणि थेट शांताबाईंकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलली. आवाज खणखणीत. शेवटी प्रश्न विचारल्यासारखी थांबली.

शांताबाईंनी हात जोडले आणि हसल्या.

आजीने उत्तराची वाट पाहिली. मग ती हळूच मागे सरकून बसली.

"काय म्हणत होत्या गं?" स्काइप बंद झाल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही गं आई, असंच. तब्येत वगैरे."

एवढा वेळ तब्येत कोणी विचारत नाही, हे शांताबाईंना कळत होतं. पण हर्षाला दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता, ती आधीच लॅपटॉपमध्ये शिरली होती. दोन महिन्यांनी, ऑगस्टच्या शेवटी, ही माणसं लग्नासाठी सिंगापूरला येणार होती. आई आणि आजी, दोघींनाही इंग्रजी येत नव्हतं.

"त्यांच्याकडे मोठ्या माणसांना कसं भेटतात?" शांताबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"आई, तू आपला नमस्कार कर. त्यांना फार आवडेल."

"आवडायला मी काय दुकानातली वस्तू आहे? त्या माझ्या विहीणबाई आहेत. मला त्यांना नीट भेटायचं आहे."

हर्षा हसली आणि आईच्या खांद्यावर थोपटून आपल्या कामाला लागली. शांताबाईंनी तो विषय घरात पुन्हा काढला नाही. त्या बाहेर शोधू लागल्या.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, जिला तिथे सगळे व्हॉइड डेक म्हणतात, रोज सकाळी रोवेना नावाची एक फिलिपिनो बाई चाकाच्या खुर्चीतल्या एका चिनी आजोबांना घेऊन येत असे. वय पन्नाशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले. ती आजोबांची देखभाल करायला त्यांच्याच घरी राहायची. शांताबाई फेऱ्या मारून आल्या की दोघी एकमेकींना मान हलवायच्या, इतकीच ओळख.

त्या सकाळी मात्र शांताबाई थांबल्या. आजोबा एका अंगावर कलून बसले होते, आणि सरळ केलं की पुन्हा त्याच अंगाला कलत होते. बत्तीस वर्षांच्या सवयीचे डोळे ते.

"यांना कमरेखाली जखम आहे का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. दवाखान्यातलं इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी अशा वेळी पुरेसं होतं.

रोवेना दचकली. "आहे, मॅम. तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी मलम दिलंय, पण भरत नाही."

"रात्रीचं कुशीवर वळवतेस?"

"झोपमोड होईल म्हणून नाही वळवत."

शांताबाई त्याच पावली तिच्याबरोबर वर गेल्या. आजोबांच्या मुलीची परवानगी घेतली, जखम पाहिली, दर दोन तासांनी कसं वळवायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, चादरीला एकही सुरकुती का राहू द्यायची नाही, हे सगळं करून दाखवलं. आजोबांना हात लावण्याआधी प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर जाऊन "आता या कुशीवर वळवते बरं का," असं मराठीतच सांगत होत्या. आजोबांना शब्द कळत नव्हते, पण त्यांनी अंग सैल सोडलं होतं.

"मॅम, तुम्ही यांना विचारून हात लावता," रोवेना म्हणाली. "माझी तुरीनची सिन्योरा असंच सांगायची."

"तुरीन कुठे आलं?"

"इटलीत. सिंगापूरला येण्याआधी नऊ वर्षं होते मी तिथे. एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला."

शांताबाईंनी हातातली उशी खाली ठेवली. "तुला इटालियन बोलता येतं?"

"स्वप्नंसुद्धा अजून कधीकधी त्याच भाषेत पडतात."

सौदा तिथल्या तिथे ठरला. शांताबाई एक दिवसाआड येऊन जखम बघणार, आणि रोवेना सकाळी खाली अर्धा तास त्यांना इटालियन शिकवणार. पुस्तक नाही, काही नाही. शांताबाईंना फक्त माणसांना भेटायचं कसं तेवढं हवं होतं.

त्यांनी शंभर पानी वही घेतली. रोवेना बोलायची आणि त्या देवनागरीत उतरवून घ्यायच्या. त्यांच्या लक्षात आलं की ही भाषा आपल्या अक्षरांत छान बसते, जसं ऐकावं तसं लिहावं, आणि लिहिलेलं पुन्हा वाचलं की तसंच ऐकू येतं. जोडाक्षरांवर इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ अडते, असं रोवेना म्हणाली. पण शांताबाई जन्मापासून पत्ता आणि सत्तर म्हणत आल्या होत्या. त्यांनी 'नोन्ना' म्हटलं, म्हणजे आजी, आणि रोवेना एकदम त्यांच्याकडे वळली.

"पुन्हा म्हणा, मॅम."

"नोन्ना. आणि मॅम काय म्हणतेस, सिस्टर म्हण."

पहिल्या दोन आठवड्यांत वहीची बारा पानं भरली. दिवसा 'बुओनजोर्नो', ऊन कलल्यावर 'बुओनासेरा'. पुढे 'सिन्योरा', म्हणजे बाई, लावायचंच, मोठ्या माणसाला नुसतं कोरडं म्हणायचं नाही. 'चाव' फक्त घरच्यांना आणि बरोबरीच्यांना. कोणाच्या घरात शिरताना उंबऱ्यावर थांबून 'पेर्मेस्सो' म्हणायचं, म्हणजे येऊ का, आणि घरवाल्याने 'आवांती' म्हणायचं, म्हणजे या. हे शांताबाईंना फार आवडलं.

गाडी अडली ती गालांवर.

"तुरीनमध्ये दोनदा गालाला गाल लावतात," रोवेना सांगत होती. "पण पहिल्यांदाच भेटलं तर बहुतेक हात देतात. घरचं माणूस असेल तर गाल. तुम्ही आता घरच्या झालात की नाही, ते त्या ठरवणार. आणि आधी कुठला गाल, तेही सगळीकडे सारखं नाही. तुम्ही एका बाजूने गेलात आणि त्या दुसऱ्या बाजूने आल्या, तर नाकावर नाक."

"मग करायचं काय?"

"मला काय माहीत, सिस्टर. मी त्यांच्या गावाला कधी गेलेली नाही."

शांताबाईंनी पेन बाजूला ठेवलं. समोर आजोबा डुलकी घेत होते. वॉर्डात नव्याने आलेल्या प्रत्येक मुलीला त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या. पेशंटला काय हवं ते माहीत नसेल तर अंदाज बांधू नकोस, त्यालाच विचार.

"मग मी त्यांनाच विचारते," त्या म्हणाल्या. "मला विचारायला शिकव."

रोवेनाने शिकवलं. "दा वोई, कोमे ची सी सालूता?" तुमच्याकडे भेटतात कसं? आणि त्याला जोडून, "ची सी दा ला मानो, ओ ची सी बाचा?" हात द्यायचा की गाल? 'दा वोई' म्हणजे थेट आपलं 'तुमच्याकडे', आणि 'दा नोई' म्हणजे 'आमच्याकडे'. एवढं अगदी सोपं. अवघड होतं ते मधलं 'ची सी'. कोणा एकाचं नाही, सगळेच जसं करतात तसं, अशा अर्थाचं ते लहानसं शेपूट प्रत्येक वेळी जिभेवरून निसटायचं.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी दाविदे जेवायला आला. शांताबाईंनी वरण, भात, पाटवडीचा रस्सा केला होता. सगळे बसल्यावर त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला, आणि दाविदेकडे बघून प्रश्न विचारला. 'दा वोई' नीट आलं, 'सालूता' नीट आलं. पुढे आल्यावर 'ची सी' डोक्यातून साफ गेलं आणि आयुष्यभराची सवय पुढे झाली. 'ची सी'च्या जागी त्यांनी 'मी' म्हटलं.

"मी दा ला मानो, ओ मी बाचा?"

दाविदेचे कान लाल झाले. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. हर्षाला इटालियन थोडं येत होतं. तिने एक क्षण आईकडे पाहिलं आणि मग तिला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली.

"काय झालं? काय चुकलं?"

"आई, तू त्याला विचारलंस, मला हात देणार की माझा मुका घेणार."

दाविदे घाईघाईने म्हणाला की उच्चार फार सुंदर होते, अगदी त्याच्या गावातल्या बायकांसारखे. पण तोवर शांताबाई रस्सा वाढायला उठल्या होत्या. तो गेल्यावर हर्षा स्वयंपाकघरात आली. "आई, कशाला एवढा त्रास करून घेतेस? राहू दे ना. नमस्कार कर, झालं. लोकांसमोर असं काही झालं तर मलाच कसंतरी होईल."

हर्षाने ते प्रेमानेच म्हटलं होतं. पण "मलाच कसंतरी होईल" हे वाक्य शांताबाईंच्या कानातून जाईना. त्यांनी वही कपाटात टाकली. सोमवारी त्या आजोबांची जखम बघायला गेल्या, पट्टी बदलली, आणि शिकायला न बसता निघून आल्या. बुधवारी तसंच. शुक्रवारीही तसंच.

त्या दिवसांत त्यांना वडील फार आठवले. पौनीजवळच्या खेड्यात ते राहत होते तेव्हा वडील गावातल्या मोठ्यांना लांबून, वाकून 'जोहार' घालायचे. त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी तेच केलं होतं. शांता सात वर्षांची असताना वडील नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, आता जोहार नाही, आता 'जय भीम'. बोलणं सोपं होतं. पण चाळीस वर्षांची जीभ. ते अंगणात उभे राहून सराव करायचे, मान ताठ ठेवून, हात छातीपर्यंत आणून. पहिल्यांदा पाटलासमोर गेले तेव्हा तोंडातून 'जो' निघालाच. अर्ध्यावर थांबले, कपाळावर घाम. चौकातले लोक हसले. घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगणात उभे. आणि त्याच संध्याकाळी चौकात जाऊन, सगळ्यांच्या समोर, पूर्ण 'जय भीम' घालून आले. छोटी शांता त्यांचं बोट धरून होती. पाटलाने उत्तर दिलं नव्हतं, पण वडील घरी आले ते वेगळ्याच चालीने.

रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. रोवेना. तिचा सुट्टीचा दिवस होता, तरी ती आली होती.

"सिस्टर, तुम्ही माझ्याकडून दोन आठवड्यांची शिकवणी घेतली आणि पळून गेलात," ती म्हणाली. शांताबाईंनी काय झालं ते सांगितलं, तेव्हा ती भिंतीला टेकून हसली. "मी तुरीनला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात चर्चमधल्या पाद्रीबाबांना 'चाव, बेल्लो' म्हटलं होतं. काय रे देखण्या, असं. माझ्या सिन्योराने सगळ्या गल्लीला सांगितलं. पुढची नऊ वर्षं ते पाद्रीबाबा मला बघितलं की आपल्या केसांवरून हात फिरवायचे."

शांताबाईही हसल्या. मग उठून कपाटातून वही काढली.

त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. 'ची सी' त्यांनी भाजी चिरताना म्हटलं, पुंगोलच्या एलआरटी गाडीत खिडकीशी बसून म्हटलं, बाजारातून येताना लिफ्टमध्ये म्हटलं. एका शाळकरी मुलीने, तिथले लोक बोलताना जोडतात तो 'लाह' जोडून, आईला विचारलं, ही आंटी काय बोलते लाह? शांताबाईंनी तिलाच प्रश्न विचारून सराव केला. ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा आजोबांच्या जखमेवर नवी गुलाबी कातडी धरली होती. डॉक्टरांनी ती पाहून कोणी केलं हे असं विचारलं. रोवेनाने शांताबाईंचं नाव सांगितलं, आणि शांताबाई म्हणाल्या, काम सगळं हिचं आहे, मी फक्त बघत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, दाविदे आई आणि आजीला घेऊन घरी येणार होता. शांताबाईंनी पांढरी सुती साडी नेसली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंना ताजी फुलं वाहिली. हर्षा तीनदा येऊन सांगून गेली, "आई, नमस्कार. बाकी मी बघते."

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. शांताबाई उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

ओर्नेला पुढे आली, छातीशी हात जोडून "नमस्ते" म्हणाली, शिकवल्यासारखं. तिच्या मागे एर्मिनिया. पडद्यावर दिसत होती त्यापेक्षा बरीच ठेंगणी. ती मात्र दारापासून चार हात लांब, कॉरिडॉरमध्येच थांबली. दोन्ही हातांनी पर्स छातीशी आवळून धरलेली. ना हात जोडले, ना पाऊल पुढे टाकलं. चेहरा एकदम कडक.

शांताबाईंनी मधलं अंतर पाहिलं. हे अंतर त्यांच्या ओळखीचं होतं. दुकानदार वरूनच मीठ टाकायचा, आणि आई पदर पसरून जितकी लांब उभी राहायची, तितकंच हे अंतर. इंजेक्शन घ्यायच्या आधी सिस्टरांचं आडनाव विचारणाऱ्या बायका पलंगावर जितक्या मागे सरकायच्या, तितकंच. पासष्ट वर्षांची होऊन, समुद्र ओलांडून, पोरीच्या लग्नात तेच बघायचं होतं का? आता हात जोडावेत, आत वळावं आणि चहा ठेवावा, हे सगळ्यांत सोपं होतं. हर्षा मागून हळूच म्हणाली, "आई, नमस्कार."

शांताबाईंनी हात जोडले नाहीत. उंबरा ओलांडून त्या कॉरिडॉरमध्ये गेल्या, दोन पावलं अलीकडे थांबल्या, मान सरळ केली.

"बुओनजोर्नो, सिन्योरा एर्मिनिया," त्या म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता, शेवटच्या पलंगापर्यंत जाणारा. "दा वोई, कोमे ची सी सालूता? ची सी दा ला मानो, ओ ची सी बाचा?"

ओर्नेलाचे जोडलेले हात तसेच राहिले. दाविदेचं तोंड उघडं होतं.

एर्मिनियाने चष्म्यावरून शांताबाईंकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून तिने नातवाकडे पाहिलं आणि फाडफाड बोलू लागली. बोलता बोलता पर्स उघडली, आतून घडी घातलेला एक कागद काढला आणि तो त्याच्या छातीवर आपटला. दाविदेचे कान पुन्हा लाल.

"काय म्हणतात त्या?" शांताबाईंनी हर्षाला विचारलं.

हर्षा अजून आईकडेच बघत होती. "आई, दाविदेने तिला इंटरनेटवरून छापून दिलं होतं. भारतात मोठ्या बायकांना हात लावू नये, मिठी मारू नये, लांब उभं राहावं. ती म्हणतेय, विमानात सगळा वेळ मी हा कागद पाठ केला. घरातून निघाल्यापासून मला या बाईला जवळ घ्यायचं होतं, आणि या गाढवाने मला चार हातांवर उभं केलं."

शांताबाईंना हसावं की काय करावं कळेना. तोवर एर्मिनियाने पर्स ओर्नेलाकडे ढकलली होती आणि दोन्ही हात पुढे करून ती चालत आली होती. "ची सी बाचा," ती ठामपणे म्हणाली. आणि कुठल्या बाजूने यायचं हा प्रश्नच उरला नाही, कारण तिने शांताबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपल्याला हवा तसा वळवला, आधी एका गालाला गाल लावला आणि मग दुसऱ्याला. तिच्या गालाला साबणाचा वास होता. तिने लगेच सोडलं नाही. हात तसेच ठेवून तिने विचारलं, "ए दा वोई?"

आणि तुमच्याकडे?

हा प्रश्न रोवेनाने शिकवला नव्हता, पण 'दा वोई' हे दोन शब्द शांताबाईंना झोपेतसुद्धा कळले असते.

"दा नोई," त्या म्हणाल्या, "जय भीम."

एर्मिनियाने हर्षाकडे पाहिलं. हर्षाने सांगितलं, अडखळत, अर्धं इटालियन आणि अर्धं दाविदेच्या मदतीने, की हे एका माणसाचं नाव आहे, आम्हाला मान वर करून चालायला लावणाऱ्या माणसाचं, आणि आम्ही भेटलो की त्याचा जयजयकार करतो. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती सरळ उभी राहिली, तिच्या पाठीला जमेल तितकी, आणि म्हणाली, "जाय बीम."

"जय भीम," शांताबाईंनी उत्तर दिलं.

मग एर्मिनिया उंबऱ्याशी थांबली. "पेर्मेस्सो?"

"आवांती, सिन्योरा," शांताबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.

मागे ओर्नेला रुमालाने डोळे पुसत होती आणि दाविदे तो कागद खिशात कोंबत होता. दुपारी स्वयंपाकघरात भांडी लावताना हर्षा आईजवळ आली. पुसलेली ताटं हातात घेऊन उभी राहिली.

"आई, मी तुला गप्प बसवत होते. स्काइपवर आजी विचारत होत्या तू त्यांच्या गावाला कधी येणार, तेसुद्धा तुला सांगितलं नाही."

"बसवत होतीस," शांताबाई म्हणाल्या. "बसले नाही मी. ती ताटं दे इकडे."

दुसऱ्या दिवशी फोर्ट कॅनिंग टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या रजिस्ट्रेशन ऑफिसात लग्न लागलं. हर्षाने पांढरी पैठणी नेसली होती. सकाळी घरी त्रिशरण पंचशील झालं तेव्हा एर्मिनिया सगळ्यांच्या पुढे बसली होती, चप्पल काढून. रजिस्ट्रेशनला दोन साक्षीदार लागत होते, मित्रमैत्रिणींची नावं आधी दिलेली होती, पण शुक्रवारी संध्याकाळी एर्मिनियाने जाहीर केलं की सही ती करणार आणि शांता करणार. दाविदेने दोन फोन केले आणि नावं बदलून घेतली. आजोबांच्या मुलीने रोवेनाला दिवसभराची रजा दिली होती. रोवेना निळा झगा घालून आली, शांताबाईंनी तिला पहिल्या रांगेत स्वतःच्या शेजारी बसवलं, आणि एर्मिनियाला तिची ओळख करून देताना म्हणाल्या, "ही माझी मास्तरीण." ते रोवेनाने स्वतःच इटालियनमध्ये करून सांगितलं.

सह्या झाल्या. शांताबाईंनी मराठीत सही केली, ठळक, एकही अक्षर न गाळता. एर्मिनियाने त्या सहीकडे वाकून पाहिलं, बोटाने वरची रेघ हवेत ओढून पाहिली, आणि आपली सही केली.

बाहेर पायऱ्यांवर फोटो काढताना ती अचानक शांताबाईंकडे वळली आणि काहीतरी म्हणाली, लहानसं वाक्य, हळू आवाजात. शांताबाईंना ते वहीतलं कुठलंच वाटलं नाही. त्यांनी रोवेनाकडे पाहिलं.

"त्या म्हणताहेत, आजपासून मला अहोजाहो करू नका," रोवेना म्हणाली. "इटालियनमध्येही तसंच असतं, सिस्टर. मोठ्या माणसाने म्हटल्याशिवाय अगं म्हणता येत नाही. त्यांनी म्हटलंय."

शांताबाईंनी एर्मिनियाकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांची बाई त्यांच्या उत्तराची वाट बघत उभी होती, भर उन्हात, पर्स हातावर अडकवून.

"मग पुढच्या वर्षी मी तुझ्या गावाला येते," शांताबाई मराठीतच म्हणाल्या. "तिथल्या सगळ्या बायकांना विचारते, कोणाचा आधी कुठला गाल ते."

रोवेनाने भाषांतर केलं. एर्मिनिया एवढी मोठ्याने हसली की खाली रस्त्याने जाणाऱ्या माणसांनी वर पाहिलं. तिने शांताबाईंच्या हातात हात अडकवला आणि दोघी, जेवायला न्यायला आलेल्या गाडीकडे, सगळ्यांच्या पुढे चालत गेल्या, नवराबायकोच्याही पुढे.